तिसरी नळी

राळ जळाल्याचा वास आला की वाहेदमियाँचा हात जिथं असेल तिथं थांबतो. मग ती राळ दर्ग्यात जळो, देवळात जळो, नाहीतर कुणी घरात डासांसाठी पेटवलेली असो. गल्लीतली माणसं म्हणतात, म्हाताऱ्याला डुलकी लागली. डुलकीबिलकी काही नसते. म्हातारा तेव्हा पंधरा वर्षं मागं गेलेला असतो, याच बीडच्या मिसगर गल्लीत, याच दुकानापुढं. समोर सुंदररावांची लाल मोटार उभी असते आणि शेजारी थोरला भाऊ फकीर असतो. तिथून त्याला लवकर परत यावंसं वाटत नाही, आणि का वाटावं?

मोटारीचं मागून सांगू. आधी फकीरचं.

मिसगर म्हणजे तांब्यापितळेचं काम करणारे. गल्लीत सगळे हंडे, डेगी, तपेली घडवायचे. या दोघा भावांच्या घरात मात्र बापजाद्यांपासून कर्णे व्हायचे. पुरुषभर लांबीचे, वाजवला की वेशीपलीकडं ऐकू जाणारे. दर्ग्याच्या नगारखान्यात सकाळ-संध्याकाळ कर्णा वाजायचा, गावोगावच्या जत्रेत वाजायचा, आणि गेवराईपासून युसूफ वडगावापर्यंत कुठंही गोड सूर निघाला की माणसं न विचारता म्हणायची, हा फकीरच्या हातचा. कर्णे घडवायचे ते जोडीनंच. दोन्ही नळ्या सुतळीनं मोजून तंतोतंत सारख्या. एक जरी दोन बोटं आखूड झाली तर दोन्ही सूर एकमेकांशी भांडतात, असं फकीर सांगायचा.

आता गल्लीत पंचवीस-तीस हातोड्यांचा दणदणाट चालू असताना सूर ऐकायचा कसा? त्याची फकीरकडं एक रीत होती, बापाकडून आलेली. हातोडीची लाकडी दांडी दातांत घट्ट धरायची, लोखंडी डोकं नळीला टेकवायचं आणि दुसऱ्याला फुंकायला लावायचं. "कानात समदी गल्ली शिरती," तो म्हणायचा, "दातात फकस्त आपलं काम येतं." सांध्याला केसाएवढी भेग असली तरी त्याला कळायची.

पण ज्या हातोडीनं नाव दिलं तिनंच कान नेले. चाळीस वर्षं तांब्यावर घाव घातल्यावर दुसरं काय होणार? मिसगराला म्हातारपणी कमी ऐकू येतंच, त्याचं गल्लीत कुणाला नवल नाही. फकीरचे कान मात्र पार गेले. एका सकाळी त्यानं नव्या कर्ण्याला हातोडी टेकवली, दांडी दातांत धरली, वाहेदनं गाल फुटेस्तोवर फुंकलं आणि फकीरला काहीच आलं नाही. त्यानं हातोडी खुंटीला अडकवली आणि तो घरी गेला. त्यानंतर सहा वर्षं तो अंगणातल्या सीताफळीखाली बसून सुतळी वळत राहिला. बोलणंसुद्धा सोडलं, कारण स्वतःचा आवाज स्वतःला येईना याची त्याला लाज वाटायची. बायको, फरीदा, हातवाऱ्यांनी काय ते विचारायची आणि तो मान हलवायचा.

दुकान धाकट्या वाहेदनं चालवलं. भांड्यांना कलई कर, फुटक्या हंड्याला डाग लाव, असलं काम. पोटाला कमी नव्हतं. पण खुंटीवरची हातोडी रोज नजरेला पडायची आणि रोज त्याचं काळीज तुटायचं. भाईजाननं परत येऊन ती हातोडी हातात घ्यावी, एवढं एकच मागणं त्याचं होतं. दर्ग्यात गेला की तो दुसरं काही मागतच नव्हता.

अशात सुंदरराव आले. चकलांब्याचे देशमुख, वय तिशीचं आणि हौस मापाबाहेरची. मुंबईहून त्यांनी एक मोटार आणली होती, दोन माणसांची, बसकी, लालभडक, शर्यतीत पळवायची. आता आपले रस्ते कसले ते काय सांगावं! बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल, आणि ही बया जमिनीपासून वीतभर वर. एका कोसात तीनदा पोट घासायची. पण सपाटीला लागली की तिच्या मागं नुसता धुरळा उरायचा. घाट आला की मात्र तिचा दम सुटायचा. मांजरसुंब्याच्या चढावर ती अशी धापा टाकायची की मागून येणारे गाडीवान बैल थांबवून मजा बघत बसायचे, आणि सुंदररावांना ते भारी झोंबायचं.

"वाहेदभाई, तुमी कर्णे करता म्हणं," सुंदरराव दुकानाच्या पायरीवर बसत म्हणाले.

"करत होतो, सरकार. आता कलई करतो."

मोटार चालवायला आणि खोलायला सुंदररावांनी धोंडीराम नावाचा गेवराईचा माणूस ठेवला होता. त्यानं इंजिनावरचं झाकण उघडलं आणि वाहेदला जवळ बोलावलं. "हे बगा. इंजिनाला धुराची तोंडं चार. चारी तोंडांचा धूर ह्या एका डब्यात शिरतो, अन् डब्यातून ह्या आंगठ्याएवढ्या नळीनं भाईर पडतो. जुना धूर भाईर पडंना, मग नवा दम आत जाईल कुठून? हिचं नाक चोंदलंय."

सुंदररावांनी एक विलायती पुस्तक उघडलं. त्यात तसल्याच मोटारीचं चित्र होतं. तिच्या कुशीतून चार लांब नळ्या वळण घेत निघाल्या होत्या आणि मागं एका रुंद तोंडात मिळाल्या होत्या. डबाबिबा काही नव्हता. "हे मागवायचं म्हणलं तर सहा महिने लागतेत," ते म्हणाले. "धोंडीराम म्हणतो, नळी वाकवावी ती मिसगरानं. जमंल का?"

मोटारीचं वाहेदला काही पडलेलं नव्हतं. त्याला त्या चित्रात चार कर्णे दिसले, एका तोंडात मिळालेले. असलं काम अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाला जमलं असतं, आणि तो माणूस सुतळी वळत बसला होता.

"करतो," वाहेद म्हणाला.

म्हणाला खरा. दुपारी त्यानं ते पुस्तक फकीरसमोर उघडून धरलं, तर फकीरनं ते बाजूला सारलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि पुन्हा सुतळी हातात घेतली.

मग वाहेद एकटाच लागला. तांब्याच्या पत्र्याची नळी केली, सांधा झाळला, ते त्याला येत होतं. वाकवायचं कठीण. सरळ नळी वाकवायला गेलं तर मधे चेपते, म्हणून तिच्यात वितळलेली राळ ओततात. राळ गार होऊन दगडासारखी झाली की मग नळी बाभळीच्या खोडात अडकवून सावकाश वाकवायची, आणि शेवटी तापवून राळ काढून घ्यायची. वाहेदला धीर कुठला. राळ पोटात अजून मऊ होती तोच त्यानं जोर लावला आणि नळी कोपरात चेपली.

फरीदाभाभी त्याची भाकर घेऊन आली होती. तिनं चेपलेली नळी बघितली, दुपट्ट्याखाली घालून घरी घेऊन गेली आणि नवऱ्याला वाढताना ताटाशेजारी ठेवली. फकीरनं दोन घास खाल्ले. मग त्याचा अंगठा त्या चेपलेल्या जागेवर गेला, आणि तिथंच फिरत राहिला. ताट तसंच टाकून तो उठला. खरकट्या हातानं भर दुपारी गल्लीतून चालत तो दुकानात आला आणि आल्या आल्या त्यानं वाहेदच्या डोक्यात एक टपली मारली. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला, चार गिऱ्हाइकांसमोर. वाहेद सांगतो, आयुष्यात इतकी गोड टपली खाल्ली नाही.

चार दिवस फकीर राबला. कमरेला स्वतः वळलेली सुतळी खोचून आला होता. तिला गाठ मारून त्यानं पहिली नळी मोजली आणि बाकीच्या तिन्ही त्याच गाठीला आणल्या. धोंडीराम रोज येऊन बसायचा, त्याला हे पटेना. "कावून एवढा पत्रा घालवता? चौथं तोंड तर मागंच हाय, त्याला आखूड नळी पुरती." फकीरला ऐकू येत नव्हतं हे बरंच झालं. त्यानं चौथ्या नळीला एक जादा वळण दिलं आणि गाठीला आणली.

सगळं जुन्यासारखं चाललं होतं, एक सोडून. खुंटीवरच्या आपल्या हातोडीला फकीरनं हात लावला नाही. वाहेदचीच हातोडी वापरली. चौथ्या दिवशी त्यानं नळ्यांकडं बोट केलं, मग कानाकडं, मग घराकडं. वाहेदला कळलं. हे झालं की बास. आवाजाच्या कामात बहिऱ्यानं बसू नये, असं त्याचं म्हणणं होतं. वाहेद मान खाली घालून भाता ओढत राहिला.

त्याच दिवशी वाहेदच्या हातून एक गोष्ट झाली. फकीर नमाजाला गेला होता. तिसऱ्या नळीचं तोंड रुंद करताना वाहेदच्या हातून ते फाटलं. त्यानं फाटका भाग दोन बोटं कापून टाकला आणि नळी ओढूनताणून जागेवर बसवली. धुराची नळी, तिला कोण वाजवणार हाय, असं मनाशी म्हणाला आणि गप बसला.

गप बसण्याचं आणखी एक पाप त्यानं केलं. कर्णा पुरा झाला की शेवटी मूठभर राळेत चिमूटभर ऊद घालून ती आत वितळवायची आणि नळी फिरवत फिरवत आतून लेप द्यायचा, ही त्या घरची रीत. त्यानं तांब्याचा कर्कशपणा जातो, आणि नव्या कर्ण्याचा पहिला श्वास सुगंधी निघतो. त्याशिवाय कर्णा दुकानाबाहेर जात नसे. फकीरनं तेच केलं. चारी नळ्यांना आणि रुंद तोंडाला चांगला जाड लेप दिला. इंजिनापाशी ही नळी लालबुंद होते, असं धोंडीरामनं वाहेदला सांगून ठेवलं होतं. वाहेदला सगळं कळत होतं. पण सांडशीत नळी धरून ती फिरवताना भाईजानचा चेहरा सहा वर्षांपूर्वीचा झाला होता. तो चेहरा मोडायची वाहेदची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढच्या, बिंदुसरा नदीकाठच्या मोकळ्या जागेत मोटार उभी केली. फळवाले टोपल्या सोडून आले, अर्धी गल्ली जमली. फकीर मागं, भिंतीला टेकून उभा होता. सुंदरराव गॉगल लावून चाकामागं बसले आणि धोंडीरामनं पुढून दांडा फिरवला.

पहिल्यांदा जो आवाज निघाला तो वाहेदला अजून आठवतो. जाड, खालचा, पोटात शिरणारा. माणसं दोन पावलं मागं सरली. सुंदरराव हसायला लागले होते, तेवढ्यात मागून पांढरा धूर निघाला. बघता बघता तो इतका वाढला की मोटार दिसेना, आणि सगळीकडं राळेचा अन् उदाचा घमघमाट सुटला. एका म्हातारीनं तर डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मग नळीच्या तोंडातून हातभर जाळ बाहेर आला.

एकच पळापळ झाली. धोंडीराम वाळू उधळायला लागला. सुंदरराव इंजिन तसंच सोडून बाहेर उडी मारून आले आणि वाहेदवर धावले. "गाडी पेटवली माझी. कर्णेच करा तुमी, मोटारीच्या नादी लागू नका. आत्ताच्या आत्ता काढा हे समदं अन् माझा जुना डबा बसवा."

फकीरला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याला दिसला तो जाळ, पळणारी माणसं, आणि धाकट्या भावासमोर देशमुखांचं हलणारं तोंड. आपल्या हातचं काम फुटलं, एवढंच त्याला समजलं. त्यानं पाठ फिरवली आणि घराची वाट धरली. सीताफळीकडं, सुतळीकडं. आणि आता गेला तर तो परत येणार नव्हता.

वाहेद सुंदररावांना तसंच बोलत सोडून दुकानात धावला. खुंटीवरची हातोडी काढली, पळत जाऊन भाईजानचा दंड धरला आणि त्याला ओढत मोटारीपाशी आणलं. फकीर हात झटकत होता. वाहेदनं हातोडीचं डोकं थरथरत्या तांब्याला टेकवलं आणि दांडी थोरल्या भावाच्या तोंडाशी नेली. असं कुणी कुणाशी वागतं का? पण तो वागला. रडत होता तो, त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

फकीरनं त्याच्याकडं रागानं बघितलं. मग दांडी दातांत धरली.

तो हलेना. कर्णा फुंकणाऱ्या माणसाचा दम तो केवढा, तो त्याच्या दातांपर्यंत पोचायचा राहिला होता. हे इंजिन होतं. त्याचे डोळे मिटले. जबडा आवळला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. हातोडी त्यानं पहिल्या नळीवरून दुसऱ्या नळीवर नेली, मग तिसऱ्या, मग चौथ्या, आणि परत तिसऱ्यावर आणली. तोवर आतली राळ जळून गेली होती, जाळ आपोआप विझला होता आणि धूर विरळ झाला होता. कुणाचं तिकडं लक्षच नव्हतं.

फकीरनं दांडी तोंडातून काढली.

"तिसरी आखूड हाय," तो म्हणाला. सहा वर्षांनी निघालेला आवाज, गंजलेला आणि गरजेपेक्षा मोठा. नदीपलीकडं ऐकू गेला असेल. "वाहेद, तिसरी नळी कुणी कापली बे?"

"म्या, भाईजान," वाहेद म्हणाला. मग त्याला आठवलं की ह्याला ऐकू येत नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"दोन बोटं."

वाहेदनं दोन बोटं वर केली आणि मान हलवली. फकीरनं त्याला दुसरी टपली मारली, आणि मारता मारता त्याचाच हात धाकट्याच्या मानेवर थांबला. लोकांसमोर दोन दाढीवाले मिसगर गळ्यात पडून रडत होते. फरीदाभाभी भिंतीआडून बघत होती, तिनं दुपट्टा तोंडावर घेतला.

सुंदररावांचा राग अजून उतरला नव्हता. पण धोंडीराम हळूच म्हणाला, "मालक, राग मागून काढा. आधी आवाज तर ऐका." सुंदररावांनी ऐकला. इंजिनाचं नाक मोकळं झालं होतं, हे त्यांनाही कळलं. त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ती तिसरी किती वेळात नीट हुईल?"

त्याच दुपारी फकीरनं तिसऱ्या नळीला दोन बोटं रुंद तुकडा झाळून बसवला. या वेळी लेप दिला नाही. दुसऱ्या दिवशी सुंदरराव त्याला शेजारी बसवून मांजरसुंब्याचा घाट चढले. फकीरनं सगळा घाट हातोडी दातांत धरून, तिचं डोकं बाहेरच्या नळीला टेकवून काढला. खालून येणाऱ्या गाडीवानांनी बघितलं की देशमुखांच्या शेजारी एक म्हातारा हातोडी चावत चाललाय, आणि मोटार एकदाही धापा न टाकता वर गेली. बाजाराच्या दिवशी बीडात दुसरी बोलणीच नव्हती.

फकीरची हातोडी परत खुंटीला गेली नाही. कर्ण्याचा सूर त्याला त्यानंतरही कधी आला नाही, पण सुतळी होती, डोळा होता, आणि बोलायची लाज गेली होती. दिवसभर तो मोठ्या आवाजात वाहेदला शिव्या घालायचा. दर महिन्या-दोन महिन्याला सुंदरराव चकलांब्याहून मोटार घेऊन यायचे, इंजिन चालू ठेवायचे आणि खुणेनं सांगायचे, नळ्या तपासा. नळ्यांना काही झालेलं नसायचं. फकीर दांडी दातांत धरून डोळे मिटायचा, आणि सुंदरराव पायरीवर बसून चहा पीत थांबायचे. नऊ वर्षं हे असं चाललं.

मग लढाई लागली. पेट्रोल मिळेना. मोटार चकलांब्याला ठोकळ्यांवर चढली, आणि लढाईच्या दुसऱ्या थंडीत फकीर गेला. नगारखान्यात त्या दिवशी त्याच्याच हातचे कर्णे वाजले. वाहेदनं ते ऐकले, पण थोडे लांबून आल्यासारखे. त्याचेही कान जायला लागले होते.

आता ते पार गेलेत. म्हणूनच गेल्या महिन्यात गल्लीतली सगळी डोकी एकदम वळली तेव्हा त्याला कळलं की काहीतरी येतंय. मोटारीचा लाल रंग उडालेला होता, सुंदररावांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, धोंडीरामची पाठ वाकली होती. लढाई संपली तरी पेट्रोल अजून परवान्यावर, गॅलनभर मिळालं तर नशीब. ते सगळं जाळत ते चकलांब्याहून आले होते. सुंदररावांनी खाली उतरून नळ्यांकडं बोट केलं. त्यांचे ओठ हलले, आणि वाहेदला शब्द दिसले. नळ्या तपासा, वाहेदभाई.

वाहेदनं फकीरची हातोडी घेतली. दांडीवर दोन ओळी दातांच्या खुणा होत्या, त्यात त्याचे दात बसले. पहिली. दुसरी. चौथी. शेवटी त्यानं तिसरीवर हातोडीचं डोकं टेकवलं, त्या दोन बोटांच्या तुकड्यावर, आणि डोळे मिटले. चारी सारख्या होत्या. तरी त्यानं हातोडी उचलली नाही.

धोंडीरामनं मालकाला खूण केली की पेट्रोल संपत आलंय, परत जायला राहणार नाही. सुंदररावांनी मान हलवली आणि ते पायरीवर बसले. इंजिन त्यांनी बंद केलं नाही.